हवा जास्त, पेट्रोल कमी

मराठीत एखाद्या माणसाची फार मोठी स्तुती करायची असली की आपण म्हणतो, "तो सगळं सांभाळून घेतो." सुनेच्या बाबतीत तर हे वाक्य म्हणजे भारतरत्नच. साहेब चुकले, हेडक्लार्क सांभाळून घेतो. गवई बेताल झाला, तबलजी सांभाळून घेतो आणि टाळ्या मात्र गवयाला पडतात. हा सद्गुण आहे की नाही, असा प्रश्न आपल्याकडे कुणी विचारत नाही. मला तो विचारला एका मोटारीने, आणि तोही अमेरिकेत.

न्यू जर्सीत एडिसन नावाचं गाव आहे. तिथल्या ओक ट्री रोडवर उभं राहिलं की आपण खरंच परदेशात आलो आहोत ना, हे पासपोर्ट काढून पाहावंसं वाटतं. तिथे माझा भाचा राहतो आणि त्याच्याकडे पंधरा वर्षं वापरलेली एक हायब्रीड मोटार आहे. हायब्रीड म्हणजे नवरा-बायको दोघंही मिळवती असलेलं घर. एक पेट्रोलचं इंजिन आणि एक विजेची मोटर. कल्पना तशी जुनीच. फर्डिनांड पोर्शे यांनी १९०० च्या सुमारास असली गाडी बनवली होती. आताच्या संसारात शिस्त मात्र जास्त. सिग्नलला गाडी थांबली की इंजिन चक्क झोपतं, आणि निघताना ते जरा अडखळलं तर मोटर मुकाट्याने पुढे होते. म्हणजे इथेही सांभाळून घेणं आलंच!

तर या गाडीच्या डॅशबोर्डवर एके दिवशी इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. १९९६ पासूनच्या अमेरिकेतल्या मोटारींना स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला एक खोबण असते. तिच्यात काडेपेटीएवढं यंत्र खुपसलं की गाडीच्या मनात काय आहे ते कळतं. (नवऱ्यांसाठी ही सोय अजून निघालेली नाही.) यंत्र म्हणालं, "पी०१७१." भाच्याने अर्थ सांगितला, "मामा, मिक्श्चर लीन झालंय." हे मात्र मला कळलं. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा त्याहून जास्त झाली की मिश्रण लीन. आमच्या स्कूटरचं असं झालं की ती खोकायची, आचके द्यायची. मग आपण चोक ओढायचा आणि मेकॅनिकच्या नावाने बोटं मोडायची.

रविवारी भाच्याकडे चार मराठी मंडळी जमली आणि गाडीला सल्ल्यांचा अभिषेक सुरू झाला. पहिले गृहस्थ म्हणाले, "ऑक्सिजन सेन्सर बदला." हा सेन्सर बिचारा धुराच्या नळीत बसलेला असतो. जळून किती ऑक्सिजन उरला एवढंच तो सांगतो. उष्टी पानं पाहून स्वयंपाक जास्त झाला होता की कमी, हे सांगणाऱ्या माणसासारखा. स्वयंपाक कुणी बिघडवला ते त्याला ठाऊक नसतं. म्हणजे बातमी आणली म्हणून बातमीदाराला फाशी! आपल्याकडे ही पद्धत रूढ असल्यामुळे सल्ला सर्वांना पटला.

दुसऱ्यांचा सल्ला अधिक व्यवहारी होता. "तो कोड पुसून टाका. दिवा विझेल. पुढच्या आठवड्यात इन्स्पेक्शन आहे ना?" न्यू जर्सीत गाडीच्या धुराची दर दोन वर्षांनी सरकारी तपासणी होते. पण त्या यंत्राचा एक न्याय मला फार आवडला. कोड पुसला की तपासण्यांच्या जुन्या नोंदीही पुसल्या जातात, आणि विचारल्यावर संगणक सांगतो, "माझी तपासणी अजून पुरी झालेली नाही." मग सरकारी माणूस गाडी परत पाठवतो. विसरणं म्हणजे निर्दोष असणं नव्हे, हे आपल्या पुढाऱ्यांना न कळलेलं तत्त्व तिथल्या सरकारने मोटारींना लागू केलेलं आहे.

शेवटी आम्ही गाडी घेऊन गेलो ती जालंधरहून येऊन एडिसनमध्येच म्हातारे झालेल्या एका मेकॅनिककडे. त्यांनी काही बदललं नाही, काही पुसलं नाही. फक्त पडद्यावरचे दोन आकडे पाहत बसले. सेन्सरने "हवा जास्त" म्हणून सांगितलं की संगणक थोडं जास्त पेट्रोल सोडतो आणि किती टक्के जास्त सोडलं ते टिपून ठेवतो. पाच टक्के, दहा टक्के, पंधरा टक्के. गाडी नीट चालते, मालक गाणी ऐकतो. साधारण वीस-पंचवीस टक्क्यांच्या पुढे गेलं की संगणक हात टेकतो आणि दिवा लावतो. म्हणजे दिवा आज लागला, पण दुखणं महिन्यांचं होतं.

आता दुखण्याची जागा शोधायची तर इंजिन जागच्या जागी चालू ठेवून पाहावं लागतं, आणि ही गाडी तर उभी राहिली की झोपणारी! तिला जागं ठेवायचा विधी आहे. एका मिनिटाच्या आत, पार्किंगमध्ये अॅक्सिलरेटर दोनदा पूर्ण दाबायचा, न्यूट्रलमध्ये दोनदा, पुन्हा पार्किंगमध्ये दोनदा, मग ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबायचं. मधे आचमन तेवढं नव्हतं.

इंजिन जागच्या जागी फिरत असताना आकडा विसाच्या पुढे होता. वेग वाढवल्याबरोबर तो पाचावर आला. म्हातारबुवा खूश झाले. "पंप ठीक आहे. हवा कुठून तरी चोरून शिरतेय." कारण सोपं आहे. तोंडाशी बसलेली एक तापवलेली बारीक तार आत येणारी हवा मोजते. तिच्या मागे कुठे भोक पडलं, तर तिथून शिरणारी हवा मोजणीत येतच नाही. वीस पानांच्या पंगतीत पाच आगंतुक शिरले तर आमटीत पाणी घालावं लागतं; पाचशे पानांत ते पाच खपून जातात. पंप थकला असता तर उलट झालं असतं. वेगात मागणी वाढली की आकडाही वाढला असता. मग त्यांनी इंजिन बंद करून नळीतून आत धूर सोडला. क्षणभराने एका रबरी नळीच्या वळणाखालून, कुणाच्याही नजरेला पडणार नाही अशा जागेतून, उदबत्तीसारखी रेघ निघाली. नळी वयाने चिरली होती. जेवणाच्या एका थाळीच्या किमतीची नळी!

मी त्यांना विचारलं, "म्हणजे हा संगणक इतके महिने आपल्याला फसवत होता?"

"फसवत कुठे होता, भाईसाब?" ते म्हणाले. "प्रत्येक थेंब त्याने लिहून ठेवलाय. वाचायला कुणी आलं नाही."

या उत्तराने मी अस्वस्थ झालो, कारण मला आमची सांगलीची काकू आठवली. मी तेव्हा शाळेत होतो. घरात चौदा माणसं, शिवाय आलं-गेलं. काकू सगळ्यांत शेवटी जेवायची. भाजी उरली तर भाजी, नाहीतर भाकरी आणि चटणी. पाहुणा अचानक आला की तिची एकादशी त्या दिवशी सरकायची. घर कसं सुरेख चाललं होतं! एके दिवशी मुंजीच्या धामधुमीत ती ओट्याशी कोसळली. अंगात रक्तच नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, "हे किती दिवसांचं आहे?" चौदापैकी एकालाही उत्तर देता येईना. आणि काकू तर पडल्या पडल्या म्हणत होती, "मला कुठे काय होतंय?"

संगणक आणि काकू, दोघांचं काम एकच. कमी पडेल ते आपल्या पदरचं घालायचं आणि बाहेर कळू द्यायचं नाही. पण संगणकाला कारखान्याने दोन गोष्टी दिल्या होत्या: एक वही आणि एक मर्यादा. काकूला दोन्ही दिल्या नव्हत्या. उलट वही ठेवली तर आपण तिला हिशेबी म्हटलं असतं आणि मर्यादा सांगितली तर स्वार्थी. सांभाळून घेणं हा सद्गुण आहेच. जगातली सगळी भोकं पहिल्या दिवशी सापडत नाहीत, तोवर कुणीतरी थेंब जास्त घालायलाच हवा. पण ज्याची नोंद नाही आणि ज्याला मर्यादा नाही, ते सांभाळणं भोकालाच सांभाळतं. आणि गंमत अशी, की त्यात फसवतं कुणीच नाही. एक सांगत नाही, बाकीचे विचारत नाहीत, आणि या व्यवस्थेला आपण सुखी घर म्हणतो.

डॉक्टर जुने, फटकळ होते. लोहाच्या गोळ्या त्यांनी लिहून दिल्याच. पण गोळ्या म्हणजे नुसतं जास्त पेट्रोल, हे त्यांना मोटार न पाहताही ठाऊक होतं. म्हणून खाली त्यांनी आणखी एक ओळ लिहिली: "रोज पहिल्या पंगतीला जेवणे." दुसऱ्या दिवशी काकूचं पान आजोबांच्या शेजारी मांडलं. वरण-भात, तूप, भाजी, सगळं गरम. काकू पाटावर अवघडून बसली, आणि तिच्याने घास गिळवेना.

"गोळ्या चालतील हो," ती हळूच म्हणाली, "पण हे औषध फार कडू आहे."

महिना लागला तिला त्याची सवय व्हायला. आम्हाला मात्र वर्ष लागलं.