गॉथमची फिर्याद

सुपरमॅनचे उजळ मेट्रोपोलिस श्रेष्ठ की बॅटमॅनचे काळवंडलेले गॉथम, या रसिकांच्या वादात माझा कौल निःसंशय गॉथमला आहे. कारण 2005 च्या ‘बॅटमॅन बिगिन्स’मध्ये खलनायक रास अल गूल गॉथम पापाने सडले म्हणून त्याच्या समूळ उच्छेदास प्रवृत्त होतो, तेव्हा दहा सज्जनांखातर तरी सदोम राखावे, अशी ईश्वरापाशी रदबदली करणाऱ्या अब्राहामाचाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. 2008 च्या ‘द डार्क नाइट’मध्ये जोकर दोन बोटींतील उतारूंच्या हाती परस्परांच्या विनाशाची कळ देतो, आणि एक धिप्पाड कैदी ती अधिकाऱ्याकडून मागून घेऊन सरळ खिडकीबाहेर भिरकावतो. (बॅटमॅन तेव्हा अन्यत्र गुंतलेला असतो, हे विशेष!) उलट मेट्रोपोलिसचा बंदोबस्त बहुधा आकाशातूनच उतरतो. जिच्या बाजूने असा कैदी साक्षीस उभा राहतो, त्या नगरीविरुद्धची फिर्याद खारीज व्हावी.