सोडून द्यायचा मासा

मासे आणायला जाणे आणि मासे धरायला जाणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीला पिशवी लागते, दुसरीला बेत लागतो. पिशवीवाला अर्ध्या तासात घरी परततो. बेतवाल्याचे तीन रविवार नुसते नकाशावर बोट फिरवण्यात जातात. आमचे सध्या तेच चालले आहे. पुण्याच्या आसपास गोड्या पाण्याला तोटा नाही. पवना आहे, मुळशी आहे, पानशेत आहे. हौस फारच दांडगी असेल तर सोलापूरच्या वाटेवर उजनी आहे. यांतले एक धरण निवडण्यासाठी आम्ही चौघांनी चक्क धरणे धरले आहे.

बेताचा भाग तसा सुखाचा असतो. गळ केवढा घ्यायचा, दोरा कसला, आमिषाला गांडूळ की कणकेचा गोळा, यावर बोलताना माणूस दहा वर्षांनी लहान होतो. आणि आमचा बेत जबाबदार माणसांचा आहे, बरं का. बहुतेक धरणांत मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, तेव्हा आधी त्यांना विचारायचे, हे वहीत लिहून ठेवले आहे. पावसाळ्याच्या तोंडाला जायचे नाही, हेही ठरले आहे. त्या दिवसांत मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतात. कोकणात या चढणीच्या माशांवर गावेच्या गावे तुटून पडतात. पण बाळंतपणाला निघालेल्या बाईची वाट अडवू नये, एवढे आम्हाला कळते.

सगळे असे सुरळीत चालले असताना प्रश्न निघाला, की धरलेला मासा खाणार कोण?

चौघांपैकी एकजण शुद्ध शाकाहारी. ते केवळ हवेसाठी येणार. दुसरे मालवणकडचे. समुद्र न पाहिलेला मासा हा त्यांच्या मते मासाच नव्हे. "रोहू? कटला? अहो, त्यापेक्षा दुधीभोपळा बरा. निदान काटे तरी नसतात!" तिसऱ्यांना काट्यांचीच भीती. उरलो मी एकटा. पण तोडगा मालवणकरांनीच काढला. "सोडून देऊ या की! साहेब लोक तसंच करतात. धरायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा. खेळही झाला आणि पापही नाही."

सगळ्यांचे चेहरे उजळले. ज्यांना सर्वांत जास्त आनंद व्हायचा त्या शाकाहारी स्नेह्यांनी मात्र कप खाली ठेवला. "मला हे नाही पटत," ते म्हणाले. "खाणाऱ्याला निदान भूक असते. तुमची सबब काय?"

तेव्हापासून धरण बाजूला राहिले आणि आम्ही धर्मात शिरलो.

हा वाद काही आमच्याच चहाच्या कपातला नाही. स्वित्झर्लंडमध्ये तर कायदाच आहे: केवळ सोडून देण्याच्या इराद्याने मासा धरायचा नाही. धरायचा तर खाण्यासाठी धरा, नाहीतर घरी बसा. उलट इंग्लंडमध्ये गळाचा शौकीन मासा अलगद पाण्यात सोडतो आणि स्वतःला सज्जन समजतो. मासा तोच, गळ तोच. मधली एक खाडी ओलांडली की पुण्याचा गुन्हा होतो.

माशाला काय कळतंय, ही आपली जुनी पळवाट. 2003 साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी ट्राउट माशाच्या तोंडाभोवती आणि डोक्यावर इजा टिपणाऱ्या मज्जातंतूंची टोके दाखवून दिली. आपल्याला दुखते तसेच त्याला दुखते का, यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. संशयाचा फायदा आरोपीला मिळतो हे खरे. पण इथे आरोपीही आपण आणि न्यायाधीशही आपणच. अशा वेळी तो फायदा माशाला दिलेला बरा.

सोडणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. कर्नाटकात कावेरीकाठी, भीमेश्वरीसारख्या ठिकाणी, महसीर धरून सोडणाऱ्या शौकिनांचे तळ कित्येक वर्षे होते. पूर्वी चोरून मासे मारणारी माणसेच तिथे वाटाडे म्हणून कामाला लागली आणि नदीची राखण झाली. हौशी माणसाच्या पैशावर मासा जगला, हे नाकारून चालणार नाही.

पण त्याच कावेरीने दुसरा धडाही दिला. लोणावळ्याला वाळवण तलावाकाठच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून महसीरची पिल्ले वाढवली गेली. आपल्याकडच्या या महसीरची पिल्ले ठिकठिकाणच्या नद्यांत सोडली, तशी कावेरीतही सोडली. हेतू अगदी निर्मळ. पण कावेरीचा स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला एक महसीर होता. पाहुणे वाढत गेले आणि घरमालक घटत गेला. 2018 साली त्या कुबडवाल्याचे शास्त्रीय नाव कोणते ते एकदाचे ठरले, आणि त्याच वर्षी नामशेष होण्याच्या उंबरठ्यावरच्या जीवांत त्याची नोंद झाली. बारसे आणि अंथरूण एकाच सालात! तेव्हा पाण्यात सोडले की पुण्य लागले, इतका हा हिशेब सोपा नाही.

मला वाटते, खाणारा आणि सोडणारा यांच्यात फरक आहे तो एवढाच: खाणारा माशाचे देणे लागतो आणि ते त्याला ठाऊक असते. सोडणाऱ्याला माशाची धडपड हवी असते, फक्त खात्यावर तिची नोंद नको असते. वर जीवदान दिल्याचे समाधान हवे! आधी कुणाला विहिरीत ढकलायचे, मग दोर टाकून वर काढायचे, आणि शेवटी त्याच्याबरोबर फोटो काढायचा, यातला प्रकार.

म्हणून आमच्या वहीत मी एक कलम घातले आहे. धरला तर खायचा. पोटापुरता मिळाला की गळ गुंडाळायचा. अगदी लहान लागला तर सोडायचा. ती हौस नव्हे, वयाचा मान. हे कलम वाचल्यावर मालवणकरांचा उत्साह एकदम ओसरला. उजनीची चिलापी पुढ्यात येणार, या कल्पनेनेच त्यांनी गळ न घेण्याचे ठरवले. काट्यांना भिणाऱ्यांनीही तेच केले. नुसते काठावर बसू म्हणतात.

आणि इथेच मला मूळ गोम सापडली. आपल्याला मासा नकोच असतो. आपल्याला पाण्याकाठी बसायचे असते. पण रिकाम्या हाताने चार तास पाण्याकडे बघत बसलेल्या माणसाकडे लोक संशयाने पाहतात. कुणी तब्येत विचारतो, कुणी घरी काही झाले का म्हणून चौकशी करतो. त्याच हातात काठी आणि दोरा असला की तो शौकीन ठरतो आणि लोक आवाज न करता मागून निघून जातात. गळ म्हणजे रिकामपणाचा परवाना आहे. त्याची फी मात्र मासा भरतो. आपल्याला स्वस्थ बसायची लाज वाटते, म्हणून दुसऱ्याच्या ओठात काटा अडकावा, हे काही न्यायाचे नाही. त्यापेक्षा कुणी विचारलेच तर सरळ सांगावे, की काही करत नाही, बसलो आहे.