बसालेलाचे हात



निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायात परमेश्वर मोशेला एका कारागिराचे नाव सांगतो. तो याजक नव्हे, संदेष्टाही नव्हे. यहूदा वंशातील उरीचा पुत्र बसालेल. सोने, रुपे व पितळ घडविणे, रत्ने जडविणे, लाकूड कोरणे हे त्याचे काम. आणि ह्याच कामासाठी देवाने त्याला आपल्या आत्म्याने भरले. आत्म्याचे दान म्हटले म्हणजे आपल्या मनात उपदेश व प्रार्थना येतात. छिन्नी व हातोडा येत नाहीत.

आमच्या मंडळ्यांतून ह्या बाबतीत एक भीती आहे, आणि ती निराधार नाही. आपण अथवा आपले वडील मूर्ती सोडून आलो. तेव्हा हाताने घडविलेले काही उपासनेत आणू नये, जुनी चाल व जुने वाद्य वेशीबाहेरच ठेवावे, असे पुष्कळांस वाटते. त्यांनी पुढचा अध्यायही वाचावा. बसालेलाची निवड झाली, पण कामास हात लागण्यापूर्वीच छावणीत सोन्याचे वासरू उभे राहिले. त्यासाठी लोकांनी कानांतील कुंडले काढून दिली. आणि निवासमंडपासाठी त्याच लोकांनी पुन्हा कुंडलेच आणून दिली. सोने तेच, भट्टीही तीच. मग भेद कोठे? मोशेने जाब विचारला तेव्हा अहरोन म्हणाला की, मी सोने अग्नीत टाकले आणि हे वासरू बाहेर आले. जणू त्याचा हात त्याला लागलाच नव्हता! (आपल्याही चुका नेहमी आपोआप घडत असतात.) उलट सदतिसावा अध्याय पाहा: कोश, मेज, दीपवृक्ष, धूपवेदी, प्रत्येक वस्तूविषयी बसालेलाने ती केली असेच लिहिले आहे. देवासाठी जो काही घडवितो, त्याला त्या कामापुढे स्वतः उभे राहावे लागते. याजकांच्या हातपाय धुण्याचे गंगाळ स्त्रियांच्या आरशांचे केले होते, हेही विसरू नये.

रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली बाप्तिस्मा घेऊन मंडळीत आले, ते आपली कविता उंबऱ्याबाहेर ठेवून आले नाहीत. अभंग व ओवी त्यांनी प्रभूच्या चरणी वाहिली. त्यांचे 'ख्रिस्तायन' १९१९ साली त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले. तेव्हा लग्नानंतर अक्षरे शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे ६४ अध्याय रचले.

हे सर्व ठाऊक असूनही आमच्या हातून एक चूक झाली. एका गावी एक भजनी गृहस्थ प्रभूकडे आला. त्याची एकतारी आम्हीच खुंटीला टांगावयास लावली. दोन वर्षे ती तेथेच धूळ खात होती आणि तो उपासनेत मागे मुकाट बसे. अखेर कापणीच्या सणास त्याने भीत भीत विचारले, "पाळकसाहेब, उधळ्या पुत्राची गोष्ट अभंगात बांधू का?" आम्ही लाजून होकार दिला.

सणाच्या दिवशी तो उभा राहिला. पुत्राचे दूर देशी जाणे, डुकरांच्या शेंगा, बापाचे धावत येणे, सारे त्याने गायिले; म्हाताऱ्या बायांनी पदराने डोळे पुसले. थोरला भाऊ शेतातून घरापाशी आला, आणि तेथे त्याची तार थांबली. लोक वाट पाहात राहिले. तो म्हणाला, "पुढचे चरण जुळत नाहीत. बाप्तिस्म्यानंतर माझ्या थोरल्या भावाने मला दाराबाहेर काढले. तो आजारी पडला तेव्हा मीही गेलो नाही. त्याच्याविषयी काय गाऊ?"

आम्ही घरी जाऊन लूकाचा पंधरावा अध्याय पुन्हा उघडला. सेमिनरीत तो कितीदा तरी वाचला होता. पण थोरला भाऊ शेवटी आत गेला की नाही, हे प्रभूनेही सांगितलेले नाही, इकडे आमचे लक्षच गेले नव्हते. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालीत आहे, तेथेच गोष्ट थांबते.

दुसऱ्या आठवड्यात तो गृहस्थ ज्वारीची पिशवी व एकतारी घेऊन भावाच्या गावी गेला. भावाने ज्वारी ठेवून घेतली, घरात बोलाविले नाही. तो पुन्हा जाणार आहे. अभंग अजून अपुरा आहे, आणि उपासनेत तो तेवढाच म्हटला जातो.