आधी चिखलणी, मग लावणी

पेडणे-डिचोलीत वाढलेल्या आम्हांला ठाऊक आहे की, चिखलणीवाचून भाताची लावणी साधत नाही. हृदयाच्या धमनीत कॅल्शियम साचून ती कठीण झाली असता हाच न्याय लागतो. तशीच घाईने स्टेंट बसविला, तर तो पुरता उघडत नाही. पुढे गुठळीचे भय वाढते. म्हणून हिरकण्या जडविलेल्या फिरत्या टोकाने तो थर घासतात, किंवा म्युनिकमध्ये १९८० साली मूतखड्यावर प्रथम योजिलेल्या आघातलहरींच्या तत्त्वाने त्याला तडे पाडतात. या पूर्वतयारीलाही वेळ, खर्च आणि जोखीम आहेच. बाहेर बसलेले आम्ही आप्त मात्र ‘लवकर उरका’ म्हणतो. त्या घाईला आम्ही माया समजतो. वस्तुतः ते आमचेच भय असते. खऱ्या मायेने आधी विचारावे, चिखलणी झाली का?