आठवड्याचा पाठ आणि आजचा अर्थ

आमच्या छावणीत दर गुरुवारी आठवड्याचा बाजार भरतो. भोवतालच्या खेड्यांतून माणसे येतात, धान्याचे, भाजीपाल्याचे, गुराढोरांचे व्यवहार होतात, आणि दिवेलागणीच्या सुमारास ज्याचा तो आपल्या वाटेने परत जातो. हा बाजार पाहताना प्रस्तुत लेखकास यहुदी परंपरेतील एका नियमाची आठवण होते. बाबिलोनच्या बंदिवासातून परतलेल्या आपल्या लोकांना एज्रा शास्त्र्याने जे नियम घालून दिले असे तालमूद सांगते, त्यांत शब्बाथाखेरीज सोमवारी आणि गुरुवारीही तोरा ग्रंथाचे जाहीर वाचन करावे असा एक नियम आहे. हे दोन दिवस खेडुतांनी गावात बाजारास येण्याचे होते. न्यायसभाही त्याच दिवशी बसत. धर्मग्रंथ ऐकण्यासाठी माणसांनी व्यवहार सोडून यावे असे न म्हणता, व्यवहारासाठी माणसे जेथे जमतात तेथेच ग्रंथ न्यावा, हा विचार त्या नियमाच्या मुळाशी दिसतो. आपल्याकडे ज्ञानेश्वर-एकनाथांनी भाषेच्या बाबतीत जे केले, त्याच जातीचे हे काम होय.

या वाचनाची रीत थोडक्यात सांगितली पाहिजे. तोरा म्हणजे मोशेच्या नावाने ओळखले जाणारे पाच ग्रंथ. त्यांचे ५४ भाग पाडले आहेत. त्या एकेका भागास ‘पाराशा’ म्हणतात. आपण त्यास ‘पाठ’ म्हणू. प्रत्येक शब्बाथास एक पाठ, आणि वर्षांच्या हिशेबाने कधी दोन पाठ जोडून, असे करीत वर्षभरात सर्व ग्रंथ वाचून होतो. ज्या दिवशी शेवटचा पाठ संपतो त्याच दिवशी उत्पत्तीच्या पहिल्या ओळींस पुन्हा आरंभ करतात. प्राचीन काळी सामान्य लोकांना हिब्रू समजेनासे झाले, तेव्हा वाचकाच्या शेजारी एक अर्थ सांगणारा उभा राहू लागला. या दोघांविषयी एक मोठा मार्मिक नियम होता. वाचणाऱ्याने मुखोद्गत म्हणावयाचे नाही, समोरच्या गुंडाळीतूनच वाचावयाचे. आणि अर्थ सांगणाऱ्याने लेखाकडे पाहावयाचे नाही, तोंडानेच सांगावयाचे. मूळ शब्दांत आपल्या पदरचे एक अक्षरही मिसळता कामा नये, आणि अर्थ मात्र जिवंत माणसाने जिवंत माणसांस समोरासमोर सांगितला पाहिजे, अशी ही दुहेरी शिस्त आहे.

ही सर्व हकीकत परक्या देशातली आहे असे महाराष्ट्रीय वाचकाने समजण्याचे कारण नाही. कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडातल्या, खेड्यांत शेकडो वर्षे तेलाचे घाणे चालवणारे बेने इस्राएल लोक मराठीच बोलत होते. पेणकर, नवगावकर, दिवेकर, केहिमकर ही त्यांची आडनावे कोकणातल्या गावांवरून पडलेली आहेत. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. नवल असे की, हा समाज हिब्रू भाषा विसरला, ग्रंथ तर त्याच्याजवळ राहिलाच नव्हता. परंतु शनिवारचा विसावा, आठव्या दिवशीची सुंता आणि ‘शमा’ या प्रार्थनेचे शब्द एवढे त्याने सोडले नाही. १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत मांडवीला पहिले प्रार्थनालय बांधले. त्यालाही हे लोक आपल्या बोलीत ‘मशीद’च म्हणत. पुढे कोचीनकडील यहुदी शिक्षक आले, आणि मिशनऱ्यांच्या शाळा व मराठी भाषांतरे यांच्या वाटेनेही, मिशनऱ्यांचा हेतू काहीही असो, त्यांचाच ग्रंथ त्यांच्या हाती मराठीत आला. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. १८८० साली तर मुंबईतल्या काही बेने इस्राएल तरुणांनी हिंदू कीर्तन ऐकून आपल्या पूर्वजांच्या कथा कीर्तनाच्या थाटात सांगण्यास आरंभ केला, आणि बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांच्यासारख्यांनी अब्राहाम-योसेफ यांची चरित्रे साकी-दिंडीत आणली. तोराचा अर्थ सांगणारा मराठी कीर्तनकार! एज्राच्या काळच्या त्या दुभाष्याचा वंश इतक्या दूर येऊन आपल्या रंगमंडपात उभा राहिला असे म्हणावयास हरकत नाही.

पुण्यात शिकत असताना माझा एक सहाध्यायी या समाजातला होता. त्याच्या वडिलांचे हिब्रू बेताचेच होते. पण शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागल्यावर ते मराठी भाषांतरातून त्या आठवड्याचा पाठ घरच्यांना वाचून दाखवीत. मी एकदा तेथे होतो. पाठ कोणता होता ते आठवत नाही. त्यात निवासमंडपाच्या पडद्यांची लांबीरुंदी आणि कड्यांची संख्या होती एवढे आठवते. मी तरुणपणाच्या आगाऊपणाने विचारले, “काका, हे आज कशासाठी वाचावयाचे? यापेक्षा दुसरा एखादा चांगला भाग का वाचू नये?” ते म्हणाले, “चांगला भाग आपण निवडू लागलो की आपलेच बोलणे आपण ऐकू लागतो, बाळ. या आठवड्याचे हे आहे.” त्या वेळी हे उत्तर मला जुन्या माणसाचे वाटले. आज मला त्यात आमच्या विषयाचे सारे मर्म दिसते.

प्राचीन ग्रंथात आजचा अर्थ शोधणे ही प्रत्येक धर्मातल्या सुशिक्षितांची आवड असते. परंतु आपण अर्थ शोधतो की घालतो, हा प्रश्न प्रामाणिक माणसास टाळता येत नाही. गीतेचेच उदाहरण घ्या. लोकमान्यांच्या १९१५ च्या ‘गीतारहस्या’त गीता कर्मयोग सांगते, गांधीजींच्या १९३० च्या ‘अनासक्तियोगा’त रणांगणावरचा तोच संवाद अहिंसेकडे नेतो. दोघेही थोर, दोघेही निष्ठावंत. पण दोघांना पोहोचावयाचे होते ते ठिकाण वाचनापूर्वीच काही अंशी ठरलेले नव्हते काय? मोठ्यांची ही गोष्ट. तर मग आपण सामान्य जन, जे एखादा श्लोक सोयीनुसार उचलतो आणि त्याची पाटी दिवाणखान्यात लावतो, त्यांच्याविषयी काय बोलावे? विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी एक याप्रमाणे गीतेचे अठराही अध्याय सांगितले, आणि साने गुरुजींनी ते टिपून घेतले. या प्रवचनांचा मोठेपणा अनेक गोष्टींत आहे. परंतु एकही अध्याय न गाळता, आठवड्यास एक याप्रमाणे ओळीने जाण्याची जी शिस्त तीत आहे, तिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

ही शिस्त काय करते हे एका पाठावरून पाहू. ‘पिनहास’ नावाचा पाठ साधारण आषाढाच्या सुमारास येतो. तो गणनेच्या ग्रंथातला आहे. त्याच्या आधीच्या पाठाच्या शेवटी पिनहास नावाचा याजक एका इस्राएली पुरुषाला व त्याच्यासोबतच्या मिद्यानी स्त्रीला धर्मभ्रष्टतेबद्दल भाल्याने भोसकून मारतो. वाचन तेथेच थांबते. आठ दिवस ऐकणारा त्या रक्तापाशी राहतो. पुढच्या शब्बाथास पाठ उघडतो तो या मनुष्यास ईश्वराने ‘शांतीचा करार’ बक्षीस दिल्याच्या वार्तेने. आजच्या माणसाच्या अंगावर शहारे यावेत असा हा प्रसंग आहे. धर्मवेडाने केलेल्या खुनाला शांतीचे बक्षीस! पाठ निवडण्याची मुभा असती तर कोणताही सभ्य वाचक याला वगळून पुढे गेला असता. परंपरेने त्याला वगळले नाही. परंतु हस्तलिखित गुंडाळीत त्या जागी ‘शालोम’, म्हणजे शांती, या शब्दातले एक अक्षर मधोमध तुटलेले लिहिण्याचा प्रघात तिने ठेवला. लेखनिकास मूळ शब्द बदलण्याचा अधिकार नव्हता. पण भाल्याने मिळवलेली शांती अखंड नसते असा अर्थ कित्येक भाष्यकारांनी त्या तुटक्या अक्षरात वाचला आहे. शब्द तोच ठेवून विवेक जागा ठेवण्याची ही रीत मला फार थोर वाटते.

आणि याच पाठात पुढे सलाफहादाच्या पाच मुली येतात. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा अशी त्यांची नावे ग्रंथाने जपून ठेवली आहेत. त्यांचा बाप रानात वारला. त्याला मुलगा नव्हता. जमिनीची वाटणी व्हावयाची होती ती पुरुषांच्या गणतीवर. या पाचजणी मोशे, याजक आणि सर्व सरदार यांच्यासमोर येऊन उभ्या राहतात आणि विचारतात की, मुलगा नाही एवढ्यासाठी आमच्या बापाचे नाव का पुसले जावे? आम्हांस वतन द्या. मोशे ते गाऱ्हाणे ईश्वरापुढे नेतो आणि उत्तर येते की, मुली म्हणतात ते बरोबर आहे.

येथे आधुनिक वाचकाला आनंदाने टाळी वाजवावीशी वाटते. तीन हजार वर्षांपूर्वीच स्त्रियांचा वारसाहक्क मान्य झाला होता, असा लेख लिहावयास तो बसतो. पण पाठांची ओळ त्याला तेथे थांबू देत नाही. एक-दोन आठवड्यांनी त्याच ग्रंथाचा शेवटचा अध्याय येतो. त्यात त्या मुलींच्या वंशातले पुढारी तक्रार घेऊन येतात की, या मुलींनी परवंशात लग्ने केली तर जमीन आमच्या वंशातून जाईल. आणि निकाल होतो की, त्यांनी आपल्याच वंशात लग्न करावे. हक्क मिळाला आणि त्याला लगेच कुंपणही पडले. शिवाय मूळ निकालही नीट वाचला तर एवढाच आहे की, मुलगा नसेल तर मुलीला मिळावे. भाऊ असलेल्या बहिणीला या वचनाने काहीच मिळत नाही.

हे मी इतक्या बारकाईने लिहितो त्याला कारण आहे. पैठणच्या बाजूला आमची वडिलार्जित थोडी जमीन आहे. वडील गेले ते २००५ च्या कायद्यानंतर. त्या कायद्याने, आणि महाराष्ट्रात १९९४ पासूनच्या दुरुस्तीने, मुलींचा हक्क स्पष्ट झालेला होता, हे मला पुरते ठाऊक होते; वर्गात मी त्याविषयी उत्साहाने बोललो आहे. दिवस-वार झाल्यावर नातेवाइकांच्या सल्ल्याप्रमाणे माझ्या दोघी बहिणी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत आल्या आणि त्यांनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. कोणी जबरदस्ती केली नाही. धाकटीने सही करून चष्मा पुसला आणि म्हणाली, “दादा, माहेर तेवढे राहू दे.” मी म्हणालो, “वेडी आहेस का तू!” आणि आम्ही सर्वांनी बाहेर चहा घेतला.

काही वर्षांनी, जुन्या मित्राच्या आठवणीने मी वर्षभर हे पाठ ओळीने वाचावयाचे ठरवले, तेव्हा आषाढात सलाफहादाच्या मुली माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. तोराच्या वचनाने माझ्या बहिणींना काही द्यावयास सांगितले आहे असे मला म्हणता आले नाही. त्या मुलींना भाऊ नव्हता, यांना मी होतो. वचनाच्या आड लपण्याची सोय तेथे अगदी तयार होती. परंतु अर्थ दुसरीकडेच होता. मोशे हा सर्व विधींचा दाता; त्याच्यापुढे पाच बायका येतात, आणि तो प्रचलित रूढीवर बोट न ठेवता थांबतो. याचे उत्तर मला ठाऊक नाही असे मानून तो विचारावयास जातो. मी मात्र विचारले नव्हते. “तुम्हांला हवे आहे का?” एवढे एक वाक्य मी त्या कचेरीत उच्चारले नव्हते, कारण त्याचे उत्तर काय येईल याची मला धास्ती होती.

कोणी म्हणेल, यासाठी परक्यांचा प्राचीन ग्रंथ कशाला हवा? कायदा पुरेसा नव्हता काय? आक्षेप रास्त आहे. पण कायद्याचे काम तेथे पुरे झाले होते; हक्क दिला होता आणि तो सोडण्याचा कागदही रीतसर नोंदवून घेतला होता. कायदा मागणाऱ्याची वाट पाहतो. जो मागत नाही त्याच्या दारी तो जात नाही, आणि ज्याने मागितले जाऊ नये अशी व्यवस्था केली त्यालाही तो काही विचारीत नाही. ठरलेल्या आठवड्यास ठरलेला पाठ मात्र न बोलावता येतो. आणि गीता, ज्ञानेश्वरी किंवा एकनाथी भागवत यांनीही हे काम केले असते, ते ओळीने आणि न निवडता वाचले असते तर. दोष ग्रंथांचा नव्हता. माझ्या निवडीचा होता.

तेव्हा जुन्या ग्रंथात काढलेला आजचा अर्थ खरा की खोटा हे ओळखावे कसे? मला दोन खुणा सापडल्या आहेत, त्या वाचकांपुढे ठेवतो. एक अशी की, खरा अर्थ मूळ वचनाची मर्यादा लपवीत नाही. वचन जेथे थांबते तेथे ते थांबते असे तो सांगतो. दुसरी अशी की, तो प्रथम वाचणाऱ्याकडेच काही मागतो. जो अर्थ केवळ शेजाऱ्याला, परधर्मीयाला किंवा मागल्या पिढीला दोषी ठरवून आपल्याला सुखाने झोपू देतो, तो बहुधा आपणच घातलेला असतो. पिनहासाच्या हाती भाला देणारे वाचन आणि मोशेला थांबावयास लावणारे वाचन एकाच पाठात शेजारी आहेत. कोणते आपले, हे ग्रंथ ठरवून देत नाही.

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला बहिणी आल्या होत्या. जेवणे झाल्यावर मी तो विषय काढला आणि जमिनीचे कागद पुढे ठेवले. थोरली म्हणाली, “आता राहू दे दादा, लोक हसतील.” धाकटी काही बोलली नाही, तिने कागद हातात घेतले आणि बराच वेळ वाचले. मग तिने चष्मा काढला आणि विचारले, “यातली विहिरीकडची पट्टी कोणती?” कागदपत्रांचे काम अजून पुरे व्हावयाचे आहे. त्याच्या निमित्ताने ती पुढल्या गुरुवारी इकडे येणार आहे. बाजारही करावयाचा आहे म्हणाली.