प्रौढाची चूक

वयाने वाढलेल्या शिष्याची चूक दाखवावी की झाकावी, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. पण ज्यास त्याचा अनुभव आला, त्यास तो तसा वाटणार नाही. छत्रपती संभाजीनगरात आमच्या घरी साठीकडे झुकलेले एक सुतार सायंकाळी इंग्रजी शिकावयास येतात. परवा ‘नाइफ’ हा शब्द त्यांनी ‘एन’पासूनच लिहिला. दिवसभराचे त्यांचे श्रम मनात येऊन आम्ही ‘ठीक आहे’ म्हटले. घरी नातवाने ती चूक काढली. दुसरे दिवशी ते एवढेच म्हणाले, “सर, फळी वाकडी कापली गेली, तर मी गिऱ्हाइकाला सरळ आहे म्हणत नाही.”

आम्ही वरमलो. ती आमची दया नव्हतीच. ‘यांच्याकडून इतकेच व्हावयाचे’ असा आम्ही मनोमन दिलेला तो निकाल होता.

मग आम्ही कारण सांगितले. त्या शब्दातील ‘के’ इंग्रज लोक पूर्वी उच्चारीत असत. इ. स. १४७६ मध्ये कॅक्स्टनने इंग्लंडात मुद्रणालय काढले. पुढे छापील रूपे स्थिरावत गेली, उच्चार मात्र पालटत राहिले. तेव्हा दोष शिकणाराच्या बुद्धीचा नव्हे.

मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी २०१६ साली वृद्ध स्त्रियांसाठी ‘आजीबाईंची शाळा’ निघाली. त्या वयात पाटी हाती धरणारास कौतुकापेक्षा अक्षर हवे असते. म्हणून चूक सांगावी. मात्र एकांतात सांगावी, आणि कारणासह सांगावी. प्रौढाचा मान राखणे म्हणतात ते हेच.