शेमा म्हणजे नुसतं ऐकणं नव्हे

बोईसर,
शुक्रवार, शब्बाथच्या आधी

चि. रिबका हीस अनेक आशीर्वाद.

पालघरहून तुझं पत्र आलं. हिब्रूतल्या 'ऐकणे'चा तक्ता बिनचूक लिहिलास, फार आनंद झाला. या क्रियापदाशी तुझं जुनं नातं आहे, ते आधी सांगतो.

आपले पूर्वज कोकणात तेल गाळत आणि शनिवारी, म्हणजे शब्बाथला, घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. बोली मराठी झाली, हिब्रू विसरली. पण 'शेमा' ही प्रार्थना म्हणायची रीत सुटली नाही. ज्यू धर्मशिक्षक डेव्हिड राहाबींनी आपल्या बेने इस्राएल लोकांना ओळखलं ते शब्बाथ, सुंता, खवले-परांचीच मासळी आणि ही शेमा यांवरून, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पुढे 1832 साली मिशनरी जॉन विल्सन यांनी मुंबईत आपल्या लोकांसाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. मराठीच्या आधारानं हिब्रू शिकणारी तू पहिली नाहीस.

आता धातू पाहा: शिन, मेम, आयिन. 'शामा' म्हणजे त्यानं ऐकलं. 'शोमेआ' म्हणजे तो ऐकतो. तू मात्र स्वतःविषयी 'शोमआत' म्हणायचं. ऐकतो-ऐकते हा फरक मराठी मुलीला वेगळा शिकवावा लागत नाही. 'शेमा' हा आज्ञार्थ, एका पुरुषाला केलेला, मुलीला 'शिमी'. आज इस्राएलमध्ये बोलताना तिला बहुधा 'तिश्मेई' म्हणतील. रूप भविष्यकाळाचं, काम आज्ञेचं. भेटल्यावर 'मा निश्मा?' विचारतात, म्हणजे 'काय, कसं काय?' 'मश्माउत' म्हणजे अर्थ आणि 'मिश्मआत' म्हणजे शिस्त, हे शब्दही याच धातूचे.

ऐकण्यातून शिस्त कशी निघाली? आपण 'गाणं ऐकलं' म्हणतो आणि 'आजीचं ऐकलं' म्हणतो. त्या एका 'चं'नं नुसतं कानावर पडणं संपतं आणि वागणं सुरू होतं. जुन्या हिब्रूत हेच काम 'बेकोल', शब्दशः 'आवाजात', हा शब्द करतो: 'शामा बेकोल' म्हणजे सांगितलेलं मानलं. तोरातल्या हिब्रूत कुणाचं सांगणं मानण्यासाठी बहुधा हेच क्रियापद येतं. तारापूर एमआयडीसीत पाळीचा भोंगा सगळ्या वस्तीला ऐकू येतो, पण ज्याची पाळी असते तो उठून निघतो. शेमाला हे निघणं अपेक्षित आहे.

म्हणून क्रियापद शिकताना त्याच्यासोबत येणारे शब्दही शिक. कुणाचा आवाज, कुणाचं सांगणं आणि त्यानंतर काय केलं, हे वाक्यात आलं की अर्थ पक्का होतो. शेमा म्हणताना डोळ्यांवर हात ठेवतो, तेव्हा शब्द भराभर उरकू नकोस. आपल्या माणसांनी ग्रंथ जवळ नसतानाही ही प्रार्थना जपली, कारण ती म्हणून झाल्यावर ते खरोखर घाणा थांबवत होते.

पुढच्या पत्रात 'शामा' आणि 'शामा बेकोल' यांची पाच-पाच वाक्यं लिहून पाठव. ती तुझ्या घरातली, तुझ्या दिवसातली असू देत. सुट्टी लागली की ठाण्याच्या शाआर हाशामाईम सिनेगॉगला बरोबर जाऊ.

शब्बाथ शालोम.

तुझे
आजोबा